डाव्या हाताने लिहिलेली ओळ

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, तुमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर मी गेली चार वर्षे लटकतो आहे, पण तुमच्यापैकी कुणी मला धड पाहिले असेल असे वाटत नाही. पाहणार तरी कधी? तुमची नजर त्या मोबाइलवरून हटेल तेव्हा ना. बोट लावले की तो उजळतो, गातो, चित्रे दाखवतो. मी आपला काळा तो काळाच. त्याचा मला हेवा वाटतो, हे सरळ कबूल करतो. माझा स्वभावच जळका आहे. या स्वभावाचे मला एरवी काही वाटले नसते, पण एकदा त्यापायी एका बाईचे फार मोठे नुकसान झाले आणि ते माझ्या डोळ्यांदेखत झाले.

कालपासून मात्र तुम्ही माझ्यापुढे गर्दी करू लागला आहात. खिडकीपाशी बसणारे स्वतःला 'खिडकीवाले' म्हणवून घेऊ लागले आणि दारापाशी बसणारे आपोआप 'दारवाले' झाले. दारवाले कसे ढ आणि रडके असतात, ते रंगीत खडूने माझ्यावर लिहून झाले. दारवाल्यांनीही उट्टे काढले. खोटे कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. पण आज एका दारवाल्या मुलीने माझ्या खालच्या कोपऱ्यात लिहिले आहे, "खिडकीचा खालचा गज सुटला आहे. टेकून बसू नका." ते वाचून खिडकीवाले पोट धरधरून हसले, आणि मला धस्स झाले. म्हणून आज तोंड उघडतो आहे. जरा ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. तीन रुंद फळ्या एकमेकींना जोडून, रंधा मारून, सुताराने मला काजळीच्या रंगाचे तीन हात दिले. माझ्या शेजारीच चौकट बसवलेला एक आरसा उभा होता. दुकानात येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे उभा राहून केस सारखे करायचा आणि माझ्याकडे पाठ करून निघून जायचा. त्या कोवळ्या वयातही मला त्याचा राग यायचा. आरसा विकला गेला त्या दिवशी मी पहिल्यांदा सुखाने वाळलो.

तिथून मी एका मोठ्या लाँड्रीत गेलो. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, पडदे तिथे गाड्या भरभरून यायचे. आत सगळीकडे वाफ आणि यंत्रांचा असा खडखडाट, की शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन बोललात तरी अर्धे ऐकू यायचे आणि अर्धे वाहून जायचे. काम दोन पाळ्यांत चाले. सात ते एक सकाळवाले, एक ते सात दुपारवाले. दोघांची भेट व्हायची ती फक्त दारात, येता-जाता.

त्यासाठीच बॉयलरवाल्या काकांनी मला दाराजवळ टांगून घेतले होते. हे काका लाँड्रीतले सगळ्यांत जुने माणूस. त्यांनी घालून दिलेली रीत साधी होती. एका पाळीने दुसरीसाठी निरोप लिहायचा. ज्याच्यासाठी लिहिला त्याने तो वाचायचा, काम करायचे आणि मगच फडके हातात घ्यायचे. "पुसलं म्हणजे झालं," काका म्हणत. "झालं नसेल, तर पुसायचं नाही." माझ्यावर एखादी ओळ चार-चार दिवस राहायची, पण काम झाल्याशिवाय तिला कुणी हात लावत नसे.

ते दिवस माझ्या मानाचे होते. सकाळी सातला माणसे आली की आधी माझ्यापुढे उभी राहायची, मग डबा ठेवायची. 'तिसऱ्या मशीनचं झाकण नीट बसत नाही, दोनदा दाबा,' असे दुपारवाल्यांनी लिहिले की सकाळवाले मुकाट्याने दोनदा दाबायचे. कोणी लिहिले, का लिहिले, हा प्रश्न कुणाच्या मनात यायचा नाही. फळ्यावर आहे, म्हणजे तसेच आहे.

त्या माणसांत दोन सख्ख्या जावा होत्या. एका घरात राहायच्या. थोरली सकाळी कामाला यायची, धाकटी दुपारी, म्हणजे घरातल्या लेकरांपाशी दोघींपैकी एक तरी असे. लाँड्रीत त्यांना सगळे थोरली आणि धाकटी असेच ओळखायचे, म्हणून मीही तसेच म्हणतो. धाकटीला कामावर आणली ती थोरलीनेच. चादरीचे कोपरे कसे धरायचे, झटका कसा द्यायचा, इस्त्रीच्या गरम रोलरमध्ये कापड सोडताना बोटे कुठवर न्यायची, हे सारे तिनेच शिकवले. शिकवून झाले तरी एक सवय राहून गेली. रोज एकच्या ठोक्याला, एक जात असताना आणि दुसरी येत असताना, दोघी मिळून एक चादर घडी करायच्या. दोघी दोन टोके धरून लांब जायच्या, जवळ यायच्या आणि घडी हातात आली की हसायच्या. एवढाच वेळ त्यांना दिवसभरात फक्त एकमेकींचा मिळायचा. मी ते रोज पाहायचो आणि तेव्हा मला कुणाचाही हेवा वाटत नसे.

मग कर्णा आला.

झाले असे, की लाँड्रीचे साहेब कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. परत आले ते डोक्यात काहीतरी घेऊनच. माणसांत जोश आणायचा, असे त्यांनी ठरवले. माझ्या समोरच्या भिंतीवर एक राखाडी रंगाचा कर्णा बसवला आणि त्यातून जाहीर केले की आजपासून सकाळवाले म्हणजे गरुड आणि दुपारवाले म्हणजे चित्ते. जी पाळी महिन्यात जास्त चादरी काढेल, तिला फिरती ढाल. ढाल टांगायला खिळाही ठोकला, तोही कर्ण्याच्या खाली. माझ्या शेजारी एवढी जागा रिकामी असताना.

पहिले दोन दिवस लोक हसले. आयुष्य साबणाच्या पाण्यात गेलेली पन्नाशीची माणसे, त्यांना गरुड म्हटले की हसू येणारच. तिसऱ्या दिवशी कुणी हसले नाही. आठवड्याभरात मात्र "आम्ही गरुड" हे शब्द ऐटीत ऐकू येऊ लागले. कर्ण्याचा आवाज यंत्रांच्याही वर जायचा. तो कडाडला की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या. मी निरोप घेऊन उभा असायचो आणि माझ्याकडे पाठी. पुन्हा तोच आरसा, असे मला वाटायचे. त्याच्या तोंडात कोळ्याने जाळे विणावे, त्याची तार उंदराने कुरतडावी, असले काय काय मी मनात आणायचो.

आणि आणखी एक जण माझ्याइतकीच जळत होती, हे मी तिच्या तोंडावर वाचले. दुसऱ्याच आठवड्यात कर्ण्याने धाकटीचे नाव घेतले. चित्त्यांमध्ये सगळ्यांत चपळ हात तिचा, असे साहेब म्हणाले आणि दुपारवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरली तेव्हा दारात चपला घालत होती. पंधरा वर्षे ती रोलरवर उभी होती, तिचे नाव कुणी कधी पुकारले नव्हते. ज्या हातांना तिने वळण लावले, त्या हातांचे कौतुक तिला दारात उभे राहून ऐकावे लागले. त्या दिवशी एकच्या ठोक्याला धाकटीने चादरीचे टोक पुढे केले, तर थोरली म्हणाली की उशीर होतोय, आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तिला उशीरच होत होता. मग धाकटीने टोक पुढे करणे सोडून दिले.

माझे दिवस पालटले ते एका गरुडामुळे. गाडीतून कपड्यांची गाठोडी उतरवणारा एक हसतमुख माणूस होता, त्याला यमक जुळवायचा नाद. सगळे त्याला कवी म्हणायचे. एका सकाळी त्याने खडू उचलला आणि माझ्या अगदी मधोमध लिहिले:

चित्ता पळतो किती वेगात?
अर्धी चादर अजून पाण्यात.

काय सांगू मित्रांनो, त्या दिवशी माझ्यापुढे जी झुंबड उडाली, तशी कधी उडाली नव्हती. कर्णा बोलत होता आणि त्याच्याकडे कुणी बघतही नव्हते. संध्याकाळी चित्त्यांनी उत्तर दिले:

गरुड म्हणे मी आभाळी फिरतो,
घडी घालताना कोपरा विसरतो.

मग रोजच सुरू झाले. माझी छाती अभिमानाने फुगली. मधली सगळी जागा यमकांना गेली आणि कामाचे निरोप खाली कोपऱ्यात सरकले. मला त्याचे काहीच वाटले नाही. निरोप वाचायला येतात चार माणसे, यमक वाचायला चाळीस.

पण मी फळा आहे, माझ्यावर लिहिलेले मला वाचावेच लागते. हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागले, की गोष्ट तीच असली तरी शब्द बदलत चालले आहेत. पूर्वी 'चादर फाटली' असे लिहीत. आता दुपारची चादर असेल तर 'चित्त्यांनी फाडली' आणि सकाळची असेल तर 'कापड जुनं होतं'. आपली पाळी मागे पडली तर ती जपून काम करत होती, त्यांची पडली तर ते कामचुकार. आणि ते तिसऱ्या मशीनचे झाकण. दुपारवाल्यांनी एकदा पुन्हा लिहिले, की झाकण नीट बसत नाही. सकाळी कुणीतरी वाचून म्हणाले, "चित्त्यांना झाकण बसवता येत नाही म्हणे." सगळे हसले आणि दोनदा दाबायचे राहून गेले. सगळी मोरी साबणाच्या पाण्याने भरली, तर गरुडांनी एकमुखाने सांगितले की चित्त्यांनीच मशीन बिघडवून ठेवले. त्यांना तसे खरोखरच वाटत होते. कुणी मुद्दाम खोटे बोलत नव्हते, हेच मला भयंकर वाटायला हवे होते. मला वाटले नाही. माझ्यापुढे गर्दी होती ना.

बॉयलरवाल्या काकांनी एकदा साहेबांकडे जाऊन सांगून पाहिले, की ही नावे बंद करा. साहेबांनी त्यांना विचारले, तुम्ही गरुड की चित्ते? काका दोन्ही पाळ्यांत बॉयलरपाशी असायचे. ते आल्या पावली परत फिरले.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दोन्ही पाळ्या अगदी बरोबरीत होत्या. ढाल कुणाला मिळणार, ते त्या दिवशी ठरणार होते. आदल्या संध्याकाळी पाळी सुटताना धाकटी माझ्यापुढे आली होती. तिच्या बाहीचे टोक करपलेले होते. कोपऱ्यात उरलेल्या वीतभर जागेत तिने आपल्या नीटस अक्षरात लिहिले:

रोलरची दांडी अडकते आहे. हात आत नेऊ नका. आधी मिस्त्रींना बोलवा.

दांडी म्हणजे रोलरच्या तोंडाशी बसवलेला आडवा दांडा. चुकून हात पुढे गेला की तो दांड्याला लागतो आणि रोलर थांबतो. तो अडकला, तर रोलर थांबत नाही. मिस्त्री सकाळी सातलाच यायचे, म्हणून निरोप सकाळवाल्यांसाठी होता.

सकाळी गरुड माझ्यापुढे जमले. मिस्त्रींना बोलवायचे म्हणजे रोलर दोन तास बंद आणि ढाल गेली. कवी खडू हातात घेऊन उभाच होता. "शेवटच्या दिवशीच बरी दांडी अडकली," तो म्हणाला. सगळे हसले, आणि मग सगळ्यांच्या नजरा थोरलीकडे वळल्या, कारण अक्षर कुणाचे ते सगळ्यांना ठाऊक होते. कवीने अगदी हसत, सहज विचारले, "काकू, तुमच्या जावेनं लिहिलंय. खरं असेल का हो?"

थोरली ती ओळ वाचत राहिली. मी तिच्या इतक्या जवळ होतो, की तिचा श्वास मला लागत होता. धाकटी कधी खोटे लिहीत नाही, हे तिच्याइतके कुणालाच माहीत नव्हते. ते तिने तेव्हा नुसते म्हटले असते तरी पुरे होते. पण तिच्याभोवती तिची माणसे उभी होती, तोंडाकडे बघत, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या शब्दाची कुणी वाट पाहत होते.

"घरात माझी जाऊ आहे," ती म्हणाली. "इथे ती त्यांचीच."

तिने फडके घेतले आणि ओळ पुसली. काम झाले नव्हते, आणि पुसली. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते तुमच्यापासून लपवत नाही. मला बरे वाटले. यमकाला जागा झाली, असे मला वाटले. कवीने लिहिले:

दांडी अडकली म्हणे शेवटच्या दिवशी,
चित्त्यांची सबब नेहमीच अशी.

माझ्यापुढे हशा पिकला. कर्णा कडाडत होता, त्याला कुणी विचारले नाही. मी जिंकलो होतो.

दहाच्या सुमारास एक चादर चुरगळून रोलरच्या तोंडाशी अडली. ती सोडवायला थोरलीने हात पुढे नेला. हात दांडीला लागला. रोलर थांबला नाही. कवीनेच धावत जाऊन मुख्य बटण बंद केले, पण तोवर उशीर झाला होता. थोरलीच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली.

एक वाजता धाकटी आली. तिला दवाखान्यातून निरोप मिळाला होता, ती तिकडूनच आली होती. डोळे सुजलेले. ती सरळ माझ्यापुढे आली आणि माझ्या खालच्या कोपऱ्यात शोधू लागली. तिथे कवीचे यमक होते. तिने ते दोनदा वाचले. "घरीच सांगणार होते," ती कुणाला उद्देशून न बोलता म्हणाली. "पण आम्ही बोलत नव्हतो. म्हटलं, फळ्यावर आहे, ताई वाचतीलच." मग वळून विचारले, "माझी ओळ कोणी पुसली?"

कवीने पुढे होऊन आपल्याच बाहीने यमक पुसले. त्यामुळे धाकटीची समजूत झाली, की ओळही त्यानेच पुसली. त्याने ती समजूत खोडली नाही. मला तोवर त्या माणसाचा फक्त हातच माहीत होता. त्या दिवशी मला तो माणूस थोडासा कळला.

तीन महिने माझ्यावर कुणी काही लिहिले नाही. ढाल कुणालाच दिली गेली नाही. साहेबांनी कर्णा पाळीची वेळ सांगण्यापुरता ठेवला आणि गरुड-चित्ते हे शब्द कुणी काढले नाहीत. दांडी नवी बसली. मी अगदी कोराच्या कोरा उभा होतो आणि त्या कोरेपणाची मला लाज वाटत होती. थोरली घरी होती. धाकटी तिला भरवते, तिची वेणी घालते, असे येणारे-जाणारे बोलायचे.

मग एका दिवशी बरोबर एकच्या ठोक्याला, दोन्ही पाळ्या दारात असताना, थोरली आली. धाकटीचा हात धरून आली होती. तिने कवीकडे खडू मागितला. तो डाव्या हातात धरला आणि माझ्यावर लिहू लागली. अक्षर पहिलीतल्या मुलासारखे, वर चढणारे, खाली घसरणारे. खडू दोनदा मोडला. आधी तिने तीच ओळ लिहिली, जशीच्या तशी: रोलरची दांडी अडकते आहे. हात आत नेऊ नका. आधी मिस्त्रींना बोलवा. तिच्या खाली आणखी एक ओळ लिहिली:

ही ओळ मी पुसली होती.

धाकटीने ती ओळ वाचली. कवीकडे पाहिले. थोरलीकडे पाहिले. मग तिने थोरलीचा हात सोडला आणि आत कामावर निघून गेली. थोरली एकटीच घरी परतली.

बॉयलरवाल्या काकांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. ज्याच्यासाठी लिहिले, त्यानेच पुसायचे, आणि काम झाल्यावरच. ती खालची ओळ धाकटीसाठी होती. सगळ्या लाँड्रीला ते कळले होते, म्हणून कुणी तिला बोट लावले नाही. धाकटी रोज माझ्यापुढून जायची आणि माझ्याकडे बघायची नाही. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी ती आली, फडके ओले केले आणि फक्त खालची ओळ पुसली. सावकाश, वरच्या अक्षरांना धक्का न लावता. घरात काय बोलणे झाले, रडणे झाले की भांडण, ते मला माहीत नाही. एवढेच माहीत आहे, की ती झाल्याशिवाय पुसणारी बाई नव्हती.

त्या आठवड्यात थोरली पुन्हा कामावर आली, कपडे मोजून घेण्याच्या हलक्या कामावर. पहिल्याच दिवशी एकच्या ठोक्याला धाकटीने चादरीचे टोक पुढे केले. थोरलीने एक कोपरा डाव्या हातात धरला, एक उरलेल्या दोन बोटांत. घडी वाकडी झाली. दोघी त्या वाकड्या घडीकडे बघत हसल्या. दोन्ही पाळ्या उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या, माझ्याकडे कुणीही नाही, आणि मला त्या चादरीचा इतका हेवा वाटला की सांगता येत नाही. पण तो हेवा तेवढा बरा होता.

पुढे लाँड्री बंद पडली आणि मी इथे आलो. मला टांगण्याआधी काळ्या रंगाचे नवे हात दिले, त्याखाली ती डाव्या हाताची ओळ अजून आहे. जिने ती लिहिली, तिला तुम्ही रोज पाहता. अभ्यासिकेचे कुलूप डाव्या हाताने उघडणाऱ्या आजी, ज्यांच्या उजव्या हाताबद्दल तुम्ही दबक्या आवाजात कुजबुजता, त्या याच. आणि शनिवारी त्यांच्याबरोबर येऊन सतरंज्यांच्या घड्या घालतात, त्या त्यांच्या धाकट्या जाऊबाई.

मित्रांनो, मला गर्दी आवडते. तुम्ही माझ्यावर रोज काहीतरी लिहा, एकमेकांना चिडवा, मी नको म्हणणार नाही, कारण नको म्हणण्याइतका मी भला नाही. पण माझ्या खालच्या कोपऱ्यात अजून एक ओळ आहे आणि मघापासून एक खिडकीवाला फडके घेऊन तिच्यापुढे उभा आहे. बाळा, ती दारवालीने लिहिली आहे की खिडकीवालीने, हे क्षणभर विसर. आधी जाऊन गज हलवून बघ, आजींना सांग, तो पक्का बसू दे. मग ये आणि पूस.